खापरपणजोबा नेमके कुठून आले? जुनी जनगणना, कोतवाल बुक, फेरफार... शोधायला सुरुवात कुठून करू?

दर्यापूरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज विचारूनच टाकतो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घर, वावर सगळं इथलंच, पण गावातले म्हातारे अजूनही आम्हाला 'पल्याडचे' म्हणतात. "पल्याडच्याईचा पोट्टा हाय हा" असं. चार-पाच पिढ्या झाल्या तरी आम्ही पल्याडचेच, आणि कशाच्या पल्याडचे ते कोणालाच धड सांगता येत नाही.

बाबांची आत्या अजून आहे, नव्वदीच्या घरात, कान गेले पण डोकं एकदम शाबूत. तिचं म्हणणं असं, "माया आजा वर्धेच्या पल्याडून आला, मोठा काळ पडला तवा. बंडीत माया बाप व्हता, आंगावर पेता. एक बैल वाटंतच मेला, मंग त्या जूवाले आज्यानं सोताचा खांदा देल्ला." यापुढे काहीही विचारा, गावाचं नाव विचारा, कुळाचं विचारा, ती फिरून बैलावर येते. बैलाचा रंगसुद्धा सांगते (मोरा होता), गाव मात्र नाही.

माझ्याकडे काय आहे तर आजोबांचा शाळेचा दाखला (जन्म १ जुलै १९२८, आता ही तारीख गुरुजींनी टाकलेली हे सगळ्यांना कळतंच), पणजोबांचं नाव, आणि खापरपणजोबांची दोन नावं, कारण आत्या एक सांगते आणि बाबा दुसरंच. ऑनलाइन सातबारा पाहिला, तो आजोबांच्या मागे जात नाही.

माझ्या डोक्यात असं होतं की इंग्रजांनी दर दहा वर्षांनी जनगणना केली, म्हणजे १९०१ ची यादी उघडली, आमचं गाव काढलं की घरातल्या सगळ्यांची नावं, वय, जन्म कुठला हे निघेल. तिकडचे लोक असं शोधतात ते व्हिडिओत पाहिलंय. आपल्याकडे ती यादी कुठे मिळते? नागपूरला की दिल्लीला?

आणि हो, जमिनीचा वाद वगैरे काही नाही, जातीचा दाखलाही आहे. चुलत्यांना मात्र वाटायला लागलंय की मी हिस्सा काढायला निघालो, परवापासून फोन उचलत नाहीयेत.


प्रगणक_गुरुजी

नाव नाही मिळणार. आधीच सांगून टाकतो म्हणजे नागपूर-दिल्लीचं भाडं वाचेल.

मी २०११ ला प्रगणक होतो, त्याआधी २००१ लाही. घरोघरी भरलेले कागद असतात ना, त्यातून आकडे काढले की ते कागद कायमचे जपून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही, इंग्रजांच्या वेळेपासून नाही. उरतात ते छापील तक्ते. तालुक्यात माणसं किती, बाया किती, कोणत्या जातीचे किती, जन्मलेले कोणत्या जिल्ह्यात. आणि १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, त्यानुसार भरलेला फॉर्म कोणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. विलायतेत नावं उघडी करतात, आपल्याकडे तसं नाही.

पण म्हणून जनगणना एकदम सोडून देऊ नका. दोन ठिकाणी ती कामाला येते.

एक म्हणजे १९५१. त्या वर्षी जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावागावाची एक वही उतरवून काढली होती, नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. त्यात घरवार नावं आहेत, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा. सगळ्या गावांचं उरलेलं नाही, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. मराठा-कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा पाहायच्या कागदांच्या यादीत हे रजिस्टर होतं, त्यामुळे आता निदान क्लार्क लोकांना नाव तरी माहीत आहे, पूर्वी तोंडाकडे पाहायचे. पणजोबा १९५१ ला हयात होते का? नसतील तर पणजी असेल.

दुसरं, तुमच्या आत्याबाईंचा 'मोठा काळ'. वऱ्हाडात १८९६-९७ ला एक दुष्काळ आणि १८९९-१९०० ला त्याहून भयंकर. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या साधारण २८ लाख ९७ हजार होती, १९०१ ला २७ लाख ५४ हजार. म्हणजे दहा वर्षांत वाढायची तर सोडाच, जवळपास दीड लाखांनी घटली. आजोबांचा जन्म १९२८ धरला आणि त्यांचे वडील बंडीत अंगावर पीत होते म्हणता, तर १९०० चाच काळ धरून चाला, १८९७ लाही बसतं पण जरा ओढून ताणून.

अजून एक, शोधताना जुने जिल्हे लक्षात ठेवा नाहीतर चुकीच्या कपाटात हात घालाल. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते, त्यात एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर हा वेगळा जिल्हा, आणि तुमचं दर्यापूर तेव्हा त्या एलिचपूर जिल्ह्यात. मूर्तिजापूर तेव्हा अमरावती जिल्ह्यात होतं, ते अकोल्याला गेलं १९०५ ला. वणी नावाचा जिल्हा होता, तो यवतमाळ झाला. आणि १९५१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका शोधाल तर 'महाराष्ट्र' टाकून किंवा 'मुंबई' टाकून सापडणार नाही, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो. माझे एक सहकारी दोन वर्षं चुकीच्या राज्यात शोधत होते.


बैलगाडी_ते_बुलेट

तिथं काही ठेवलं असतं तर खापरपणजोबा आलेच नसते भाऊ. सापडलं गाव तरी तिथं कोण वळखणार तुम्हाले? हां, लग्नाच्या वेळी कूळ विचारतात तेव्हा सांगायला बरं. बाकी मोरा बैल भारी.


निवृत्त_पटवारी

पोट्ट्या, नाव घेऊन शोधाले जाशील तर फसशील. आडनाव त्या काळी कोण लिहित होतं? "अमुक वल्द तमुक, कौम अमुक, साकीन मौजे अमुक" एवढंच (वल्द म्हणजे कोणाचा पोरगा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार कुठला). एका गावात तीन-तीन 'महादू वल्द सखाराम' निघतात अन् तिघंही आपलेच वाटतात. माणूस सोड, वावर पकड. माणूस हालते, मरते, नाव बदलते, वावर जागच्या जागी राहते.

घरच्याईले विचार, सगळ्यात जुनं वावर कोणतं. वाटणीतलं नाही, नंतर घेतलेलं नाही, पहिलं. त्याचा आजचा गट नंबर घे अन् त्याचा जुना सर्व्हे नंबर काढ, तहसीलात नाई तर भूमी अभिलेखमध्ये भेटते. मंग त्या नंबरावरून मागं मागं जाजो. हाती लिहिलेला जुना सातबारा काढला का त्यावर नावाच्या बाजूले वर्तुळात आकडे दिसतीन, ते फेरफाराचे नंबर. तो नंबर घेऊन फेरफार पंजी उघडजो. त्यात लिहिलेलं असते, अमुक मयत, वारस अमुक अमुक, किंवा खरेदीनं, किंवा आपसी वाटणीनं. त्या फेरफारातून मागचं नाव, मागच्या नावावरून मागचा फेरफार. असं करत करत १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापाशी येशील. आपल्या इदर्भात हा कागद म्हणजे खुंटा हाय, त्याच्या पुढचं मागचं सगळं त्याले बांधलेलं. त्याच्या मागं पेरेपत्रकं, हक्क नोंदणी, जे उंदरानं ठेवलं असन ते.

एक ध्यानात ठेवजो, १९५६ च्या आधीच्या वारसाच्या फेरफारात पोरीचं नाव शोधू नको. मुलगे अन् बेवा, बस. त्यामुळे तुयी आत्या कागदावर कुठंच नाई दिसणार, तिचं नाव लग्नानंतर सासरच्या गावात पायजो. हे मी चाळीस वर्षं नोकरीत रोज पाह्यलं अन् घरी माया आजीचं माहेर शोधायची येळ आली तवा समजलं.

आता कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मरणाची वही. लोकं लय आशेनं जातात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतेच, कारण बारसंच झालं नसते. बापाचं नाव, जात, तारीख, मुलगा का मुलगी. "अमुक यास मुलगा झाला", संपलं. तुया पणजोबा बंडीत आला म्हणजे त्याचा जन्म तुया गावच्या बुकात नाईच. पण त्याच्या पाठचे भाऊबहीण झाले असतीन तर ते हायेत, अन् तिथं बापाचं नाव म्हणून खापरपणजोबा भेटन. दोन नावाईतलं खरं कोणतं ते तिथं समजन. मरणाच्या नोंदी जास्त बोलतात, नाव असते, वय असते (अंदाजपंचे), रोग असते. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं एकदा पायजो, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ होती. "ताप, ताप, ताप, ताप", खाली परत "ताप". अक्षर मधीच बदलते. लिहिणाराच गेला का काय, देव जाणे.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगतो. तुया खापरपणजोबा बाहेरून आला, त्याच्यापाशी वतन नाई, वडिलोपार्जित नाई. मंग पहिलं वावर त्यानं इकत घेतलं असन. इकत घेतलं म्हणजे खरेदीखत, अन् खरेदीखत रजिस्टर झालं असन तर सब-रजिस्ट्रारच्या बुकात त्याची नक्कल. तिथं इंडेक्स असते, एक नावाचा अन् एक मिळकतीचा, मिळकतीच्यात गाव अन् सर्व्हे नंबरानं शोधजो. खरेदीखतात 'साकीन' लिहावाच लागे. बाहेरचा माणूस असन तर "साकीन अमुक, हल्ली मुक्काम तमुक" असंही लिहीत. तुया उत्तर तिथं हाय, जनगणनेत नाई.

अमरावती अन् अकोला जिल्ह्याचे जुने महसुली कागद स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' वर टाकलेले हायेत, आधी तिथं पाह्य, भेटलं तर फेरा वाचन. ऑफिसात जायचंच असन तर पंचनाम्याच्या दिवसात जाऊ नको अन् मार्चमध्ये तर नाईच नाई. "वंशावळ पाहिजे" असं म्हणू नको, तो माणूस हात वर करते. गाव, सर्व्हे नंबर, वर्ष, कोणता कागद, हे लिहून अर्ज दे, कोर्ट फी तिकीट लाव. अन् बस्ता (कागदाचं गाठोडं) सोडून देल्ला तर त्याच गाठीनं बांधून ठेवजो, पुढच्या येळी तोच माणूस खुर्ची देते.

अन् 'पल्याड' म्हणजे वर्धाच कायले? दर्यापूरवाल्याले पूर्णेच्या पल्याडही पल्याडच असते.


पडताळणी_पीडित

पटवारी काकांनी सोन्यासारखं लिहिलंय. मी हे सगळं मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी (जात पडताळणी प्रमाणपत्रासाठी) केलंय, हौसेने नाही. आमच्यात अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो (ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१), त्यामुळे विदर्भातल्या निम्म्या घरात कोणीतरी एकजण कोतवाल बुकाचा तज्ज्ञ असतोच.

एका ऑफिसात मला सात महिने "रेकॉर्ड जीर्ण झालंय" एवढंच उत्तर मिळालं. आठव्या महिन्यात साहेब बदलले, नव्या साहेबांनी शिपायाला हाक मारली, शिपायाने कपाटामागून बस्ता काढला, दहा मिनिटांत नोंद. जीर्ण वगैरे काही नव्हतं, थोडी कसर लागली होती कोपऱ्याला. म्हणून तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा, नाहीतर माहितीच्या अधिकारात टाका.

आणि शाळेचं दाखल खारीज रजिस्टर पाहायला विसरू नका. आजोबांचा दाखला तुमच्याकडे आहे पण तो नंतर काढलेला असेल, मूळ रजिस्टरमध्ये आडनाव वेगळं असू शकतं. आमच्यात तीन भावांची तीन आडनावं निघाली, एकाचं गावावरून, एकाचं धंद्यावरून, आणि तिसऱ्याचं गुरुजींच्या मनावरून.


दर्यापूरचा_पोट्टा

बाप रे, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. थोडं झालंय, सांगतो.

१) दाखल खारीज रजिस्टर. आजोबांच्या शाळेत गेलो, हेडमास्तर बाई चांगल्या निघाल्या. आजोबांचं आडनाव आधी 'पिंपळखुटे' लिहून त्यावर आडवी रेघ मारलीय आणि बाजूला वेगळ्या शाईत आमचं आताचं आडनाव. मी तो कागद हातात घेऊन पाच मिनिटं उभाच. घरी कोणीच हे आडनाव ऐकलेलं नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, "पिपयखुटे? थे त शेजारचे म्हनत."

२) १९५१ चं रजिस्टर आमच्या गावाचं आहे! पणजोबा नाहीत, ते आधीच वारले, पण पणजी आहे, वय ५०, धंदा शेती. आजोबा २२. आत्या नाही, ती लग्न होऊन गेली असणार.

आता पिंपळखुटे म्हणजे पिंपळखुटा गावावरून, बरोबर ना? मग नकाशा उघडला आणि डोक्याला हात लावला. पिंपळखुटा धामणगाव रेल्वे तालुक्यात एक, म्हणजे वर्धेच्या अल्याड. आर्वी तालुक्यात एक, म्हणजे पल्याड. आणखीही आहेत. फेरफारात मागे मागे जातोय, पण अधिकार अभिलेखाच्या मागचा कागद मोडीत आहे, मला त्यातलं शाईशिवाय काही कळत नाही.


वर्धेकाठची

मी आर्वीकडची, मोडी वाचते (शिकून सहा वर्षं झाली, अजूनही अडते हे आधीच कबूल करते). कागदाचा फोटो टाका, सपाट ठेवून, वरून, उन्हात नाही आणि फ्लॅशही नाही. मोडीत शिरोरेघ आधी ओढून घ्यायचे आणि मग खाली लिहीत सुटायचे, शब्द तोडत नसत, र्‍हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यामुळे फोटोत रेघ तुटली की नावच बदलतं.

पण दादा, आधी एक गोष्ट समजून घ्या. वर्धा नदी म्हणजे तेव्हा नुसती नदी नव्हती. तुमच्या बाजूचा वऱ्हाड निजामाचा, तो १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला. आमची बाजू नागपूरकर भोसल्यांची, ती १८५४ मध्ये खालसा झाली. दोन्हीकडे साहेब एकच पण जमिनीची पद्धत वेगळी. तुमच्याकडे रयतवारी, खातेदार स्वतः सरकारला सारा भरतो, म्हणून त्याचं नाव सरकारी कागदावर. आमच्याकडे मालगुजारी, सारा भरणार मालगुजार, बाकीचे त्याचं कूळ. म्हणून इकडच्या कागदात तुम्हाला 'मालिक मकबुजा', 'मौरूसी', 'शिकमी' असे शब्द दिसतील, त्यातला मालिक मकबुजा म्हणजे आपल्या तुकड्यापुरता मालक, मौरूसी म्हणजे वहिवाटीचा पक्का हक्क असलेलं कूळ, शिकमी म्हणजे कुळाचंही कूळ. तुमचे खापरपणजोबा दुष्काळात बंडी जुंपून निघाले म्हणजे पक्क्या हक्काचे असण्याची शक्यता मला कमीच वाटते, हक्क असलेला माणूस इतक्या सहज जमीन सोडत नाही. शिकमी असतील किंवा मजूर, आणि मग इकडच्या सरकारी कागदात नाव सापडणं अवघड. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली पण वाडे आहेत, काही वाड्यात त्यांच्या खाजगी वह्या आहेत. कोणाला दाखवतात कोणाला नाही.

आणि तारखा वाचताना सन कोणता ते पाहा. फसली (महसुली) सन असेल तर त्यात साधारण ५९० मिळवले की इंग्रजी वर्ष येतं.


निवृत्त_पटवारी

ताई बरोबर बोलली. पोट्ट्या, खरेदीखत काढलं का? मी काय सांगितलं अन् तू काय करून राह्यला. शाळेत फिरून राह्यला.


दर्यापूरचा_पोट्टा

काका, काढलं. उशीर झाला लिहायला, सोयाबीन सोंगायला आलं होतं.

जुना सर्व्हे नंबर भूमी अभिलेखमधून मिळाला, तो घेऊन सब-रजिस्ट्रारकडे इंडेक्स पाहिला, आधी १९०५ ते १५ काढले, काही नाही. परत गेलो, १९१६ ते २५. १९२२ मध्ये सापडलं. पाच एकर, आमचं तेच वावर ज्याला आम्ही 'खारी' म्हणतो, जिथे अजूनही विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नकलेचा फोटो वर्धेकाठची ताईंना पाठवला होता, त्यांनी वाचून दिलं ते असं (त्यांच्या परवानगीने टाकतोय, नावं गाळून):

"खरेदी घेणार ... वल्द ..., पेशा शेती, साकीन मौजे पिंपळखुटा, हल्ली मुक्काम मौजे ... तालुके दर्यापूर."

बास. तालुके दर्यापूर हे हल्ली मुक्कामाला लावलंय. पिंपळखुट्याला तालुका नाही, जिल्हा नाही. २२ वर्षं या गावात राहून पण माणसाने साकीन पिंपळखुटाच लिहून घेतलं, आणि कोणतं पिंपळखुटा ते लिहायला लेखकाला गरज वाटली नाही. डोकं आपटून घ्यावं वाटलं.

नाव मात्र ठरलं. आत्या बरोबर होती, बाबा चूक. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले कागदच चूक असेल.


प्रगणक_गुरुजी

जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या, दोन्ही जिल्ह्यांच्या, जितक्या जुन्या मिळतील तितक्या. त्यात तालुकावार सगळ्या गावांची यादी असते, रीठ पडलेल्या गावांसकट, त्यांच्यासमोर ओसाड लिहिलेलं असतं. सगळी पिंपळखुटं एका कागदावर काढा आणि मग आत्याबाईंच्या बोलण्यातून एकेक खोडा. नकाशावर आज दिसतं तेवढंच धरू नका. तुमचं पिंपळखुटा आज रीठ असेल, मारुतीचं देऊळ आणि चिंचेची झाडं एवढंच उरलेलं, तर ते तुम्हाला फोनवर दिसणार नाही.


निवृत्त_पटवारी

अन् पणजीचं माहेर काढ. कागद नाई म्हणून काय झालं. पणजोबाचं लग्न झालं तवा त्याचा बाप इथं नवा होता, नव्या माणसाले इथल्याईनं लवकर पोरगी देल्ली नसन. सोयरीक जुन्या गावाच्या वळखीतूनच झाली असन. पणजीचं माहेर जिथं असन त्याच्या दहा-बारा कोसात पाह्य. कुलदैवताले कुठं जाता? तेही पाह्य. गयेले, काशीले कोणी घरचं गेलं असन तर तिथल्या पंड्याच्या वहीत गाव लिहिलेलं असते, पण तुमच्यातलं कोणी गेलं असन असं वाटत नाई, पाच एकर घ्याले बावीस वर्षं लागले.


दर्यापूरचा_पोट्टा

पणजीचं माहेर आत्याला पक्कं माहीत आहे काका, तिचं मामांचं गाव ते, दर उन्हाळ्यात जायची. आर्वी तालुका! एवढे दिवस मी तिला बापाकडचं विचारत होतो, आईकडचं विचारलंच नव्हतं. विचारलं तर एका दमात गाव, मामाचं नाव, विहीर, कवठाचं झाड, सगळं. आर्वीचं पिंपळखुटा म्हणजे आता जवळजवळ ठरल्यासारखंच. पोळ्यानंतर जाऊन यायचा विचार आहे.

एक शंका राहिली. आत्याला खरेदीखत वाचून दाखवलं, म्हणजे कानाशी ओरडून दाखवलं. बाबा बाजूलाच होते, ते म्हणाले खाली अंगठा असेल, तेव्हा कोण शिकलेलं होतं. तर आत्या जाम चिडली. "माया आजा पोथी वाचे, त्याचा आंगठा कायले राहीन" म्हणून जेवलीच नाही दुपारी. मी नकल पुन्हा पाहिली, खाली खरेदी घेणाराच्या नावापुढे अंगठा असं काही लिहिलेलं दिसत नाही, 'द. खु.' असं काहीतरी आहे. मला वाटलं कोणा साक्षीदाराच्या नावाची अक्षरं असतील. ताई, हे कोण द. खु.?


वर्धेकाठची

अहो कोणी नाही. द. खु. म्हणजे दस्तुरखुद्द. स्वतःच्या हाताने सही. अंगठा असता तर नकलेत 'निशाणी अंगठा' लिहिलं असतं, आणि दुसऱ्याने नाव लिहून दिलं असतं तर 'बकलम' आणि त्या लिहिणाऱ्याचं नाव. मीच तुम्हाला वाचून देताना शेवटची ओळ सोडली होती, माझी चूक.

आत्याबाईंना जेवायला बसवा आधी.


दर्यापूरचा_पोट्टा

झोपली होती. उठवलं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाली बाबाले बोलाव.